उभ्या पिकावरची उचल

१८ ऑगस्ट २०१२, शनिवार. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात, क्लाइड नदीकाठच्या जहाजबांधणी कारखान्यांमुळे नावारूपाला आलेल्या गोव्हन भागाजवळ, आयब्रॉक्स मैदानाची लाल विटांची भव्य दर्शनी इमारत उभी आहे. त्या दुपारी तिथं रेंजर्स आणि ईस्ट स्टर्लिंगशर यांचा सामना होता. स्पर्धा होती देशातल्या चौथ्या, म्हणजे सगळ्यांत खालच्या श्रेणीची. पाहुणा संघ फॉल्कर्क परिसरातला, एरवी काहीशे प्रेक्षकांसमोर खेळणारा. त्या दिवशी मात्र मैदानात माणसं आली ४९,११८. चौथ्या श्रेणीच्या सामन्यासाठी हा तेव्हाचा जागतिक विक्रम मानला गेला. रेंजर्सनी सामना ५-१ असा जिंकला.

या गर्दीतल्या बहुतेकांनी त्या दिवशी खिडकीवर तिकीट काढलं नव्हतं. ३६ हजारांहून अधिक लोकांनी आख्ख्या हंगामाचे पैसे आधीच भरून ठेवले होते. १८७२ साली स्थापन झालेला, ५४ वेळा देशाचं विजेतेपद मिळवलेला रेंजर्स हा क्लब काही आठवड्यांपूर्वीच आर्थिकदृष्ट्या कोसळला होता. जुनी कंपनी अवसायनाच्या वाटेवर होती आणि नव्या कंपनीला तळातून सुरुवात करावी लागली होती. या पडझडीच्या मुळाशी जे व्यवहार होते, त्यांतला एक मोठा व्यवहार सीझन तिकिटांचाच होता. पुढच्या काही वर्षांची तिकिटं आधीच विकून टाकली गेली होती. आणि क्लब पुन्हा उभा राहिला तोही सीझन तिकिटांच्या पैशांवरच.

एकच कागद क्लबला बुडवतो कसा आणि तारतो कसा, हे समजून घ्यायचं तर आधी तो कागद नीट पाहायला हवा.

प्रकाशनपूर्व नोंदणी

मराठी वाचकाला सीझन तिकीट समजावून सांगायला फार लांब जावं लागत नाही. एखादा मोठा ग्रंथ निघणार असतो. प्रकाशक जाहीर करतो की आज नोंदणी केली तर सवलतीत मिळेल, छापून यायला सहा महिने लागतील. आपण पैसे भरतो. त्याच पैशांतून कागद येतो आणि छपाई होते. ग्रंथ अजून जन्मालाही आलेला नसतो, पण आपण त्याच्यावर आणि प्रकाशकावर विश्वास टाकलेला असतो. दिवाळी अंकाची आगाऊ वर्गणी भरणाराही हेच करतो.

फुटबॉलमधलं सीझन तिकीट असंच असतं. एका हंगामात घरच्या मैदानावर होणाऱ्या लीगच्या सगळ्या सामन्यांसाठी एक ठरलेली खुर्ची आपल्या नावावर होते. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये असे १९ सामने असतात, जर्मनीच्या बुंडेसलिगामध्ये १७. सुटी तिकिटं काढण्यापेक्षा हे बहुधा स्वस्त पडतं. विक्री साधारणपणे वसंतात सुरू होते आणि उन्हाळ्यात आटोपते. म्हणजे पुढच्या हंगामात संघात कोण असेल, प्रशिक्षक कोण असेल, कधी कधी तर संघ कोणत्या श्रेणीत खेळेल हेसुद्धा माहीत नसताना पाठीराखा पैसे भरतो.

एखाद्या दुकानातला माल बिघडला तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. फुटबॉलचा पाठीराखा असा जात नाही. आजोबांनी वडिलांना ज्या मैदानावर नेलं, वडिलांनी आपल्याला जिथं खांद्यावर बसवलं, तिथलीच खुर्ची त्याला हवी असते. संघ हरत असला म्हणून तो गावातल्या दुसऱ्या क्लबचं तिकीट काढत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर त्याची मागणी किमतीनं किंवा दर्जानं सहज हलत नाही. क्लबच्या जमाखर्चात इतकं भरवशाचं येणं दुसरं क्वचितच सापडतं. म्हणूनच त्यावर सगळ्यांची नजर असते.

एका तिकिटाचा प्रवास

आता एक काल्पनिक पण वास्तवाच्या जवळचा हिशेब करू. इंग्लंडमधल्या एखाद्या क्लबचं सीझन तिकीट ५७० पौंडांचं आहे असं समजा. एका बाईंनी एप्रिलमध्ये ते घेतलं. ब्रिटनमध्ये अशा तिकिटावर २० टक्के मूल्यवर्धित कर लागतो आणि तो किमतीतच धरलेला असतो. त्यामुळे ५७० पैकी ९५ पौंड सरकारचे. उरले ४७५.

हे ४७५ पौंड क्लबच्या बँक खात्यात पडलेले आहेत. पण ते क्लबचं उत्पन्न आहे का? अजून नाही. एकही सामना झालेला नाही. उद्या हंगाम झालाच नाही तर हे पैसे त्या बाईंना परत मागता येतील. म्हणून हिशेबनीस ही रक्कम ताळेबंदात देण्यांच्या बाजूला लिहितो. या नोंदीला ‘पुढे ढकललेलं उत्पन्न’ म्हणतात. ऑगस्टमध्ये घरचा पहिला सामना झाला की त्यातले २५ पौंड देण्यांतून निघून उत्पन्नात येतात, दुसऱ्या सामन्याला आणखी २५. नऊ सामने झाले की २२५ पौंड कमावलेले असतात आणि २५० पौंडांचे सामने त्या बाईंना दाखवायचे बाकी असतात. एकोणिसाव्या सामन्याला खातं पुरं होतं.

आता हेच ३० हजार तिकिटांवर लावून पाहा. उन्हाळ्यात १ कोटी ७१ लाख पौंड जमा होतात. त्यातले २८ लाख ५० हजार कराचे. उरलेले १ कोटी ४२ लाख ५० हजार पौंड एका सामन्याला साडेसात लाख या गतीनं ‘कमावले’ जायचे असतात. कागदावर हिशेब चोख आहे. बँकेत मात्र सगळी रक्कम आधीच एकत्र पडलेली असते, आणि ती अशा वेळी येते जेव्हा क्लबला पैशांची सगळ्यांत जास्त निकड असते. जून-जुलैमध्ये मैदान रिकामं असतं. हिरवळ नव्यानं घालायची असते, नव्या खेळाडूंची खरेदी चालू असते, आणि खेळाडूंचे पगार तर बाराही महिने द्यावे लागतात. फाटकावर एक पैसा येत नसताना या काळात क्लबचा संसार सीझन तिकिटांवर चालतो.

शेतकऱ्याच्या घरात पेरणीपूर्वी पैसा हातात यावा तसा हा पैसा आहे. त्याचा उपयोग पेरणीसाठी करायचा असतो. तो आधीच खाऊन संपवला तर हंगामाच्या मध्यावर घर उघडं पडतं. फेब्रुवारी उजाडतो, सीझन तिकिटांची रोकड केव्हाच खर्च झालेली असते, आणि त्या ३० हजार खुर्च्यांवरच्या माणसांना आणखी अनेक सामने दाखवायचे उरलेले असतात. त्या सामन्यांना मैदान खच्चून भरलं तरी त्या खुर्च्यांमधून तिकिटाचा नवा पैसा येत नाही. अडचणीतल्या क्लबांचा श्वास नेमका याच महिन्यांत कोंडतो.

टीव्हीच्या काळातही

कुणी म्हणेल, आज फुटबॉल टीव्हीच्या पैशांवर चालतो, तिकिटांचं एवढं काय? मोठ्या क्लबांच्या बाबतीत यात तथ्य आहे, पण ते अर्धंच. मँचेस्टर युनायटेड न्यू यॉर्कच्या शेअर बाजारात नोंदलेला क्लब असल्यामुळे त्याचे आकडे सगळ्यांसमोर असतात. २०१८-१९ मध्ये त्याचं एकूण उत्पन्न ६२ कोटी ७१ लाख पौंड होतं आणि त्यात सामन्याच्या दिवसांची कमाई ११ कोटी ८ लाख. मग करोना आला. २०२०-२१ चा जवळजवळ सगळा हंगाम रिकाम्या मैदानावर खेळला गेला आणि हीच कमाई ७१ लाखांवर आली. जगातल्या सर्वांत श्रीमंत क्लबांपैकी एकाच्या ताळेबंदाला एवढं भगदाड पडलं.

स्कॉटलंडमध्ये तर गोष्टच वेगळी. देश लहान, त्यामुळे प्रक्षेपणाच्या हक्कांना इंग्लंडच्या तुलनेत अगदी तुटपुंजी किंमत मिळते. २००९ मध्ये सेटँटा या वाहिनीचा ब्रिटनमधला कारभार बंद पडला आणि स्कॉटिश क्लबांचा ठरलेला पैसा अडकला. अशा ठिकाणी फाटकावरची कमाई हाच कणा असतो. ग्लासगोच्या दोन्ही मोठ्या क्लबांना, रेंजर्स आणि सेल्टिकना, हजारो सीझन तिकीटधारकांच्या जोरावरच युरोपात उभं राहता येतं.

पंचवीस वर्षांचं गहाणखत

भरवशाचं येणं दिसलं की त्यावर कर्ज मिळतं. आपल्याकडे ऊसतोड मजूर हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतो आणि मग आख्खा हंगाम ती फेडत राबतो. शेतकरी उभ्या पिकावर पैसे उचलतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये फुटबॉल क्लबांना हाच मार्ग दाखवला गेला. पुढच्या अनेक वर्षांचं तिकीट-उत्पन्न तारण ठेवून मोठी संस्थात्मक कर्जं दिली जाऊ लागली. न्यूकॅसलनं १९९९ मध्ये अशा पद्धतीनं साडेपाच कोटी पौंड उभे केले आणि सेंट जेम्स पार्क मैदान वाढवलं.

लीड्स युनायटेडनं २००१ मध्ये ६ कोटी पौंड उचलले. तारण होतं पंचवीस वर्षांचं तिकीट-उत्पन्न. संघ त्या वर्षी चँपियन्स लीगच्या उपांत्य फेरीपर्यंत पोचला होता, आणि तरुण, देखणा, धडाडीचा संघ म्हणून सगळा देश त्याच्याकडे पाहत होता. आदल्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी रिओ फर्डिनंडला १ कोटी ८० लाख पौंडांना घेतलं होतं, तो तेव्हाचा ब्रिटिश विक्रम होता. न्यूकॅसलमध्ये कर्जाच्या पैशांतून खुर्च्या वाढल्या. लीड्समध्ये पैसा गेला खेळाडूंकडे आणि त्यांच्या पगारांकडे.

हा फरक फार मोठा आहे. मैदान वाढवलं तर दर आठवड्याला जास्त माणसं बसतात आणि त्यांच्याच पैशांतून हप्ता फिटतो. खेळाडूचा पाय मोडू शकतो, फॉर्म जाऊ शकतो, करार संपू शकतो. लीड्सचं सगळं गणित दरवर्षी चँपियन्स लीगमध्ये खेळण्यावर बेतलेलं होतं. २०००-०१ च्या लीगमध्ये तो संघ चौथा आला. तेव्हा इंग्लंडच्या पहिल्या तीनच संघांना प्रवेश होता आणि तिसऱ्या आलेल्या लिव्हरपूलपेक्षा लीड्सचा एक गुण कमी पडला. पुढच्या वर्षी चार जागा झाल्या आणि संघ पाचवा आला.

मग विक्री सुरू झाली. जुलै २००२ मध्ये फर्डिनंड सुमारे ३ कोटी पौंडांना मँचेस्टर युनायटेडकडे गेला, पाठोपाठ इतरही गेले. २००४ मध्ये संघ खालच्या श्रेणीत घसरला आणि त्याच वर्षी एलँड रोड हे स्वतःचं मैदान विकून भाड्यानं खेळायची पाळी आली. २००७ मध्ये दिवाळखोरीमुळे प्रशासक नेमले गेले आणि क्लब तिसऱ्या श्रेणीत पोचला. प्रीमियर लीगमध्ये परतायला २०२० साल उजाडलं. सोळा वर्षं गेली. ज्या मुलानं वडिलांचं बोट धरून तो उपांत्य सामना पाहिला असेल, तो दरम्यान स्वतः बाप झाला असेल.

तेच तारण, पण वेगळा उपयोग पाहायचा तर उत्तर लंडनमध्ये जायला हवं. आर्सेनलचं हायबरी मैदान जुनं, लाडकं आणि लहान होतं. तिथं सुमारे ३८ हजार जागा होत्या. २००६ मध्ये क्लब ६० हजारांच्या एमिरेट्स स्टेडियममध्ये गेला आणि त्यासाठी २६ कोटी पौंडांचे दीर्घ मुदतीचे कर्जरोखे काढले. त्यांची फेड तिकिटांच्या कमाईतून व्हायची होती. जुन्या मैदानावरच्या शेवटच्या वर्षी सामन्यांच्या दिवसांची कमाई ४ कोटी ४१ लाख होती. नव्या मैदानाच्या पहिल्याच वर्षी ती ९ कोटींवर गेली. त्याची किंमतही मोजावी लागली. २००५ ते २०१४ या काळात एकही मोठा चषक आला नाही आणि आन्री, फाब्रेगास, व्हॅन पर्सी यांच्यासारखे खेळाडू एकेक करून गेले. तिकिटंही महागच राहिली. पण कर्ज वेळेवर फिटत गेलं आणि मैदान क्लबचंच राहिलं.

एक पौंडाचा सौदा

आता पुन्हा ग्लासगो. मे २०११ मध्ये क्रेग व्हाइट या उद्योजकानं रेंजर्समधला ८५ टक्क्यांहून अधिक हिस्सा अवघ्या एका पौंडाला घेतला. अट अशी होती की क्लबवर असलेलं बँकेचं सुमारे १ कोटी ८० लाख पौंडांचं कर्ज नव्या मालकानं फेडायचं. कर्ज फिटलं. पाठीराख्यांना वाटलं, मालकानं पदरचे पैसे घातले.

प्रत्यक्षात तो पैसा आला होता टिकेटस नावाच्या लंडनच्या कंपनीकडून. तिनं २ कोटी ४४ लाख पौंड मोजून रेंजर्सची पुढच्या काही हंगामांतली सीझन तिकिटं आगाऊ विकत घेतली होती. थोडक्यात, पाठीराख्यांनी उद्या भरायच्या पैशांतून कालचं देणं भागवलं गेलं. ती तिकिटं अजून छापलेली नव्हती आणि ज्यांनी ती घ्यायची त्यांना या सौद्याची कल्पना नव्हती.

याचा अर्थ पुढची काही वर्षं हंगामाच्या तिकिटांतला मोठा वाटा थेट त्या कंपनीकडे जाणार होता. पगार, कर, वीज, हिरवळ यांचा खर्च मात्र होता तसाच होता. उरली आशा युरोपातल्या स्पर्धांच्या पैशांची. ऑगस्ट २०११ मध्ये रेंजर्स चँपियन्स लीगच्या पात्रता फेरीत स्वीडनच्या माल्मोकडून हरले आणि मग युरोपा लीगमध्ये स्लोव्हेनियाच्या मारिबोरकडून. तोही झरा आटला. नव्या मालकाच्या काळात खेळाडूंच्या पगारावरचा कर आणि मूल्यवर्धित कर मिळून सुमारे ९० लाख पौंड सरकारकडे भरलेच गेले नाहीत. जुन्या कारभारातला कराचा एक फार मोठा वाद आधीपासून डोक्यावर होताच. १४ फेब्रुवारी २०१२ ला क्लब प्रशासकांच्या हाती गेला.

पुढं स्कॉटलंडच्या न्यायालयात एक मूलभूत प्रश्न आला. टिकेटसनं जे विकत घेतलं ते नेमकं काय होतं? आयब्रॉक्सच्या हजारो खुर्च्यांवर तिची मालकी होती का? मार्च २०१२ मध्ये न्यायमूर्ती लॉर्ड हॉज यांनी सांगितलं की स्कॉटिश कायद्यानुसार हा केवळ कराराचा हक्क आहे, मालमत्तेचा नव्हे. योग्य परिस्थितीत प्रशासक हा करार बाजूला ठेवू शकतात. म्हणजे पैसे बुडालेल्या बाकीच्या धनकोंच्या रांगेत टिकेटसलाही उभं राहावं लागणार होतं. जे पीक पेरलंच नाही त्यावर कुणाची मालकी सांगता येत नाही, असा या निर्णयाचा साध्या भाषेतला अर्थ. व्हाइट यांच्यावर या खरेदीत फसवणूक केल्याचा खटला चालला आणि २०१७ मध्ये ग्लासगोच्या उच्च न्यायालयात ज्यूरीनं त्यांना निर्दोष ठरवलं. गुन्हा सिद्ध झाला नाही. क्लबचं झालेलं नुकसान मात्र त्याआधीच पूर्ण झालेलं होतं.

जून २०१२ मध्ये कर खात्यानं धनकोंपुढं ठेवलेला तडजोडीचा प्रस्ताव नाकारला. व्यवसाय आणि मालमत्ता ५५ लाख पौंडांना नव्या कंपनीकडे गेली.

खुर्चीवरच्या माणसाचं मत

आता प्रश्न होता, या नव्या कंपनीच्या संघाला वरच्या श्रेणीत ठेवायचं का? इतर क्लबांच्या मालकांपुढं पेच होता. रेंजर्स गेले तर टीव्हीचा पैसा घटणार, रेंजर्सचे हजारो पाठीराखे दुसऱ्यांच्या मैदानावर यायचे तेही थांबणार. शुद्ध नफ्यातोट्याचा हिशेब रेंजर्सना ठेवा असंच सांगत होता.

पण तेव्हा उन्हाळा होता. सीझन तिकिटांच्या नूतनीकरणाचा काळ. ॲबर्डीन, डंडी, एडिंबरा अशा ठिकठिकाणच्या पाठीराख्यांनी आपापल्या क्लबांना कळवलं की नियम सगळ्यांना सारखे हवेत, रेंजर्सना मागच्या दारानं घेतलं तर आम्ही तिकीट नव्यानं काढणार नाही. जुलै २०१२ मध्ये मतदान झालं. दहा क्लब विरोधात, किल्मार्नक तटस्थ आणि बाजूनं फक्त खुद्द रेंजर्स. त्यानंतर खालच्या श्रेणींतल्या ३० पैकी २५ क्लबांनी त्यांना चौथ्या श्रेणीत घ्यायचं ठरवलं.

मला या साऱ्या कहाणीतला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. पाठीराख्याकडे सहसा शेअर नसतो, संचालक मंडळात जागा नसते, सभेत मत नसतं. वर्षातून एकदाच, पैसे भरायच्या आधीच्या त्या काही आठवड्यांत, त्याचा शब्द मालकाला ऐकावा लागतो. एकदा पैसे भरले की ती ताकद पुढच्या वसंतापर्यंत झोपी जाते.

रेंजर्सच्या पाठीराख्यांनी हीच ताकद दोन्ही अंगांनी वापरली. २०१२ मध्ये क्लब तळाला असताना ३६ हजारांहून अधिक जणांनी तिकिटं घेऊन त्याला रोकड पुरवली. पण नव्या संचालकांच्या कारभारावरचाही त्यांचा विश्वास उडाला, तेव्हा २०१४ मध्ये अनेकांनी हात आखडता घेतला. माजी संचालक डेव्ह किंग आणि माजी कर्णधार रिचर्ड गॉफ यांनी तिकिटांचे पैसे एका स्वतंत्र निधीत ठेवून सामन्यागणिक क्लबला द्यायची योजना मांडली. ताळेबंदातली ती २५-२५ पौंडांची नोंद आठवा. हिशेबनीस कागदावर जे करतो, तेच त्यांना बँकेत घडवून आणायचं होतं. सामना खेळा, मग पैसे घ्या. त्या वर्षी तिकीटविक्री हजारोंनी घसरली आणि क्लब पुन्हा रोकडीसाठी तडफडू लागला. मार्च २०१५ च्या भागधारक सभेत या संचालकांना जावं लागलं. २०१६ मध्ये संघ वरच्या श्रेणीत परतला आणि २०२१ मध्ये विजेता झाला.

याच शहराच्या दुसऱ्या टोकाला एक जुना धडा होताच. मार्च १९९४ मध्ये सेल्टिक दिवाळखोरीपासून काही तासांवर होता. फर्गस मॅकॅन या मूळच्या स्कॉटिश, कॅनडात स्थायिक झालेल्या उद्योजकानं तो वाचवला, पाठीराख्यांना शेअर विकले आणि त्या पैशांतून मैदान नव्यानं बांधलं. १९९८ पर्यंत ६० हजार खुर्च्या झाल्या. सीझन तिकीटधारक काही हजारांवरून ५० हजारांपलीकडे गेले. आधी खुर्ची बांधली, मग ती विकली. क्रम एवढा साधा होता.

दोन रकमांचा हिशेब

तिकीट किती महाग असावं, यावरही क्लबचं भवितव्य ठरतं. इंग्लंडमधल्या मोठ्या क्लबांना आता सीझन तिकीट कमी फायद्याचं वाटू लागलं आहे. तीच खुर्ची परदेशी पर्यटकाला एका सामन्यासाठी विकली तर दाम जास्त मिळतो, आणि तो टी-शर्ट, मफलर घेऊन जातो. दरवर्षी येणारा म्हातारा मफलर एकदाच घेतो, आणि तो वीस वर्षं वापरतो.

जर्मनीनं दुसरी वाट धरली. तिथं ‘५०+१’ या नियमामुळे बहुतेक क्लबांत मतांचं बहुमत सभासदांच्या हाती असतं. डॉर्टमुंडच्या मैदानात दक्षिण बाजूच्या स्टँडमध्ये सुमारे २५ हजार माणसं उभ्यानं सामना पाहतात आणि क्लबची जवळपास ५५ हजार सीझन तिकिटं असतात. बायर्न म्युनिकचे तेव्हाचे अध्यक्ष उली होनेस यांनी एकदा एक हिशेब मांडला होता. त्यांचं उभ्या जागेचं सर्वांत स्वस्त सीझन तिकीट तेव्हा सुमारे १०४ पौंडांचं होतं, म्हणजे सामन्याला साधारण सहा पौंड. ते ३०० केलं तर क्लबला २० लाख पौंड जास्त मिळतील. खेळाडूंच्या खरेदीच्या बोलण्यात एवढ्या रकमेचा निकाल पाच मिनिटांत लागतो. पाठीराख्यासाठी मात्र १०४ आणि ३०० यांत फार मोठं अंतर आहे.

या विचाराला व्यवहाराचीही बाजू आहे. २००५ मध्ये डॉर्टमुंड कर्जात बुडाला होता आणि स्टेडियमसुद्धा विकावं लागलं होतं. त्या दिवसांतही ते मैदान भरत राहिलं. चांगल्या दिवसांत ज्यांना लुबाडलं नाही, ती माणसं वाईट दिवसांत सोबत राहिली.

हंगाम असेल तरच

आपल्याकडे फुटबॉलवर जीव टाकणारी माणसं कमी नाहीत. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींच्या सामन्यांना शाहू स्टेडियम दणाणतं. गोव्यात धेंपो, साळगावकर हे क्लब देशाचे विजेते होते. पण त्यांच्यामागे उद्योगपती घराण्यांचा पैसा होता आणि २०१६ मध्ये या दोन्ही क्लबांनी राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतलं. मडगावजवळ फातोर्ड्याला एफसी गोवा खेळतो तेव्हा मैदान रंगतं. तरी भारतातल्या व्यावसायिक क्लबांचा खर्च मुख्यतः मालकांच्या खिशातून आणि प्रायोजकांकडूनच भागतो.

जुलै २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगच्या आयोजकांनी पुढचा हंगाम स्थगित ठेवल्याचं क्लबांना कळवलं. भारतीय फुटबॉल महासंघासोबतचा २०१० सालचा पंधरा वर्षांचा करार त्या डिसेंबरात संपत होता आणि पुढचं काहीच ठरलं नव्हतं. काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. युरोपातल्या क्लबांच्या हाती जून-जुलैमध्ये पाठीराख्यांचा पैसा असतो, तो इथं उभाच राहू शकत नव्हता. हंगाम कधी सुरू होईल हे सांगता येत नसताना हंगामाचं तिकीट कुणाला विकणार? खुर्चीवर बसायला माणूस तयार असतो, त्याला तारीख हवी असते.

आयब्रॉक्सवरची ती ऑगस्टमधली दुपार पुन्हा डोळ्यांसमोर आणू. त्या ४९,११८ जणांना आपण काय पाहायला आलोय ते नीट माहीत होतं. त्यांच्याच भावी पैशांचा आधी सौदा झाला होता, त्यातून घर मोडलं होतं. तरी त्यांनी पुन्हा आगाऊ पैसे भरले. पीक एकदा कापून नेलं होतं, तरी त्यांनी पुन्हा बियाणं आणून दिलं. दोन वर्षांनी मात्र त्यांतल्या हजारोंनी बियाणं मुठीत धरून विचारलं, आधी सांगा, हे पेरणार आहात ना?